‘२०५० पर्यंत अर्ध्या जगाला चष्मा लागणार’ : हा आकडा नेमका आला कुठून?

‘२०५० पर्यंत जगातली निम्मी लोकसंख्या मायोपियाग्रस्त असेल.’ ही ओळ तुम्ही कुठे ना कुठे वाचलीच असेल. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या रीलमध्ये, चष्म्याच्या दुकानाच्या जाहिरातीत, ‘मुलांना मोबाईल देऊ नका’ म्हणणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमध्ये. काही ठिकाणी तर मायोपिया हा शब्दच गळून पडतो आणि ‘२०५० पर्यंत अर्धं जग आंधळं’ असं लिहिलेलं दिसतं. ज्याने थोडीफार मेहनत घेतलेली असते तो खाली बारीक अक्षरात लिहितो : ‘होल्डन आणि इतर, २०१६’.

हे होल्डन कोण? त्यांनी नेमकं काय म्हटलं होतं? आणि जगभरातल्या हजारो संशोधकांनी आपल्या पेपरमध्ये या एका पेपरचा हवाला दिला, म्हणजे तो आकडा खरा ठरला का?

ब्रायन होल्डन हे ऑस्ट्रेलियाचे. जन्म १९४२ चा. ते डोळ्यांचे सर्जन नव्हते, ऑप्टोमेट्रिस्ट होते. म्हणजे डोळे तपासून नंबर काढणं, चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स देणं हा त्यांचा प्रांत. आपल्याकडे या लोकांना अजूनही ‘चष्मेवाले’ म्हणून बाजूला ठेवलं जातं. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात त्यांनी कॉन्टॅक्ट लेन्सवर संशोधन उभं केलं आणि पुढे त्यातूनच आज त्यांच्या नावाने ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. भारताशीही त्यांचं जवळचं नातं होतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेबरोबर त्यांनी अनेक वर्षं काम केलं. तिथल्या संशोधन केंद्राला आज त्यांचं नाव आहे.

जुलै २०१५ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी ते गेले. आणि ‘अर्धं जग’ वाला पेपर ‘ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या जर्नलमध्ये आला २०१६ साली. म्हणजे ज्या पेपरमुळे त्यांचं नाव घराघरातल्या मोबाईलपर्यंत पोचलं, तो छापून आलेला त्यांनी पाहिलाच नाही.

सायटेशन म्हणजे लाइक नव्हे

आकड्याकडे जाण्याआधी ‘सायटेशन’ म्हणजे काय ते बघू, कारण सगळी गडबड तिथेच आहे.

संशोधक पेपर लिहितो तेव्हा आपलं प्रत्येक विधान कशाच्या आधारावर आहे ते त्याला सांगावं लागतं. ‘अमक्याने तमक्या साली हे दाखवलं आहे’ असा तो हवाला देतो. हा हवाला म्हणजे सायटेशन. अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात या हवाल्यांची पद्धतशीर सूची छापायला सुरुवात केली. त्यांचा हेतू साधा होता. एखादा जुना पेपर मिळाला तर त्याच्या आधारावर पुढे कुणी काय केलं ते शोधता यावं. पण मोजता येणारी वस्तू हातात आली की माणूस ती मोजतोच, आणि मग तिची शर्यतही लावतो.

२००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच-इंडेक्स’ काढला. समजा तुमचे पाच पेपर आहेत आणि त्यांना अनुक्रमे १००, ४०, ६, ३ आणि १ सायटेशन मिळाली आहेत. किमान तीन सायटेशन मिळालेले तीन पेपर तुमच्याकडे नक्की आहेत, पण किमान चार मिळालेले चार पेपर नाहीत. म्हणून तुमचा एच-इंडेक्स ३. आता गंमत बघा. एखाद्याने आयुष्यात एकच पेपर लिहिला आणि त्याला दोन हजार सायटेशन मिळाली, तरी त्याचा एच-इंडेक्स १ च. प्राध्यापकांच्या नेमणुका, बढत्या आणि संशोधनाचा निधी यांत आज हा आकडा बघितला जातो.

पण सायटेशन मोजणाऱ्या यंत्राला एक गोष्ट कळत नाही. ‘यांचं म्हणणं बरोबर आहे’ म्हणून दिलेला हवाला आणि ‘यांचं म्हणणं चुकलं आहे’ म्हणून दिलेला हवाला, दोन्ही त्याच्या लेखी एकच. पेपर पूर्ण वाचून दिलेला आणि दुसऱ्याच्या पेपरमधून उचललेला, तेही सारखेच. ट्विटरवर एखाद्याला शिव्या घालण्यासाठी केलेला कोट-ट्वीटही त्याची रीच वाढवतोच, तसंच काहीसं.

होल्डन यांच्या कामाकडे याच नजरेने बघायला हवं. त्यांचे तीन वेगवेगळे गाजलेले विषय आहेत आणि तिन्हींना मिळालेल्या हवाल्यांची जात वेगळी आहे.

पहिला विषय : झोपेत सुजणारा डोळा

डोळ्याच्या अगदी पुढे, बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक भाग असतो तो कॉर्निया. शरीराच्या बहुतेक भागांना ऑक्सिजन रक्तातून मिळतो. कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात, असत्या तर आरपार दिसलंच नसतं. त्यामुळे तो ऑक्सिजन घेतो थेट हवेतून. आपण झोपतो तेव्हा हवा बंद होते आणि त्याला पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांकडून मिळेल तेवढ्यावर भागवावं लागतं. म्हणून रात्रभरात प्रत्येकाचा कॉर्निया किंचित सुजतो आणि सकाळी डोळे उघडल्यावर पूर्ववत होतो.

आता या कॉर्नियावर प्लॅस्टिकची लेन्स ठेवली तर? ऑक्सिजन अडतो. किती अडला तर चालेल, हा प्रश्न होता. १९८४ मध्ये होल्डन आणि जॉर्ज मर्ट्झ यांनी वेगवेगळ्या जाडीच्या लेन्स लोकांच्या डोळ्यांवर लावून कॉर्निया किती सुजतो ते मोजलं आणि दोन आकडे काढले. दिवसा घालायच्या लेन्सने किमान २४ एकक ऑक्सिजन आत सोडला पाहिजे. रात्री झोपतानाही घालायची असेल तर किमान ८७. रात्रीची नैसर्गिक सूज त्यांनी सुमारे ४ टक्के धरली होती आणि लेन्स घालूनही सूज तेवढीच राहावी असा दुसऱ्या आकड्याचा हिशेब होता.

त्या काळातल्या मऊ लेन्स ८७ च्या जवळपासही पोचत नव्हत्या. म्हणजे या पेपरने बाजारात जे होतं त्याला नापास केलं आणि कंपन्यांना पुढचं लक्ष्य दिलं. हे आकडे ‘होल्डन-मर्ट्झ निकष’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. पुढची पंधरा वर्षं सिलिकॉन मिसळून जास्त ऑक्सिजन सोडणाऱ्या लेन्स बनवण्याची धडपड चालली, तिच्यात होल्डन यांची टीमही होती, आणि १९९९ च्या सुमारास ‘सिलिकॉन हायड्रोजेल’ लेन्स दुकानात आल्या. आज तुमच्यापैकी जे मऊ लेन्स वापरतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांत हेच मटेरियल असतं. या लेन्सच्या रॉयल्टीतून आलेला पैसा होल्डन यांच्या संस्थेने पुढच्या संशोधनाकडे आणि गरीब देशांतल्या नेत्रसेवेकडे वळवला.

गंमत म्हणजे त्याच १९९९ मध्ये हार्विट आणि बोनॅनो या संशोधकांनी नवं गणित मांडून सांगितलं, की हे निकष कमी पडतात. दिवसाला ३५ आणि रात्रीला १२५ हवेत. अर्थात हे सांगताना त्यांनीही होल्डन-मर्ट्झचा हवाला दिलाच. मोजणाऱ्याच्या वहीत तेही एक सायटेशन.

पण मला या कहाणीतला सगळ्यात प्रामाणिक पेपर २००८ चा वाटतो. आशा अशी होती, की ऑक्सिजनचा प्रश्न सुटला की लेन्स घालून झोपणाऱ्यांच्या डोळ्यांतला जंतुसंसर्गही कमी होईल. संसर्ग म्हणजे साधं डोळे येणं नव्हे. कॉर्नियावर जखम होते, पांढरा डाग राहू शकतो, दृष्टी जाऊ शकते. फियोना स्टेपलटन यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियात वर्षभर अशा केसेसची नोंद ठेवली गेली. निकाल असा : फक्त दिवसा साधी मऊ लेन्स घालणाऱ्या दर १०,००० लोकांमागे वर्षाला सुमारे २ जणांना संसर्ग. साधी मऊ लेन्स रात्रीही ठेवणाऱ्यांत सुमारे २०. आणि नवी, भरपूर ऑक्सिजन सोडणारी सिलिकॉन हायड्रोजेल रात्रीही ठेवणाऱ्यांत सुमारे २५.

म्हणजे सूज कमी झाली, पण रात्री लेन्स ठेवण्याचा धोका गेला नाही. लेन्स कुठलीही असो, ती घालून झोपलं की धोका साधारण दहा पटींनी वाढतोच. या पेपरच्या लेखकांच्या यादीत शेवटचं नाव कुणाचं आहे? ब्रायन होल्डन. स्वतःच्या आयुष्यभराच्या कामामागच्या एका मोठ्या आशेला धक्का देणाऱ्या निकालाखाली स्वतःचं नाव. लेन्सच्या पाकिटावर ‘जास्त ऑक्सिजन’ असं वाचून ती घालून झोपणाऱ्या प्रत्येकाने हे तीन आकडे लक्षात ठेवावेत.

दुसरा विषय : चाळिशी

मराठीत वाचायच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात. वयही तेच आणि चष्माही तोच, इतकं ते आपण गृहीत धरलेलं आहे. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं धूसर दिसतं. सुईत दोरा ओवता येत नाही, तांदळातले खडे दिसत नाहीत, मोबाईल हात लांब करून धरावा लागतो. पुस्तकी नाव प्रेसबायोपिया.

हे इतकं सामान्य आहे, की कुणी त्याची गंभीरपणे मोजदादच केली नव्हती. अंधत्वाचे जागतिक आकडे काढताना लांबचं किती दिसतं एवढंच बघितलं जायचं. २००८ मध्ये होल्डन आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला : २००५ साली जगात १०४ कोटी लोकांना चाळिशी लागलेली होती. त्यातल्या ५१.७ कोटींकडे चष्माच नव्हता किंवा होता तो कामाचा नव्हता. आणि ४१ कोटी लोकांचं रोजचं काम त्यामुळे अडत होतं. यातले ९४ टक्के विकसनशील देशांतले.

पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये याच गटाचा आणखी एक पेपर आला. त्याचा विषय लांबच्या नजरेचा होता. चष्म्याअभावी नीट न दिसणाऱ्या लोकांमुळे जगाचं उत्पादन किती बुडतं? उत्तर : सुमारे २६९ अब्ज आंतरराष्ट्रीय डॉलर. हा आकडा पुढे भाषणांत, अहवालांत, देणग्यांच्या आवाहनांत भरपूर फिरला. पण मूळ पेपरच्या सारांशातच तीन आकडे आहेत. प्रत्येक माणूस कमावता धरला तर ४२८ अब्ज. त्या त्या देशातल्या रोजगाराचं प्रमाण लक्षात घेतलं तर २६९ अब्ज. आणि पन्नाशीपुढचे लोक काहीच कमवत नाहीत असं मानलं तर १२१ अब्ज. म्हणजे गृहीतक बदललं की उत्तर साडेतीन पट इकडचं तिकडे. लेखकांनी हे लपवलं नव्हतं. पण तीन आकडे स्लाइडवर बसत नाहीत, एक बसतो.

तरीही या कामाने एक गोष्ट निश्चित केली. चष्मा नसणं हा आरोग्याचा आणि कमाईचा प्रश्न आहे हे टेबलावर आणलं. त्यानंतर इतरांनी प्रत्यक्ष प्रयोग करून बघितले. त्यातला एक आपल्याच देशातला आहे. आसामच्या चहाच्या मळ्यात चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांवर चाचणी झाली. निम्म्यांना वाचायचा साधा चष्मा लगेच दिला, उरलेल्यांना चाचणी संपल्यावर. रोज तोडलेली पानं वजन करून मोजली. चष्मेवाल्यांची वाढ दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी, म्हणजे दिवसाला पाच किलोंहून जास्त होती. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये हा निकाल आला. मळ्यात वजनावर मजुरी मिळते, त्यामुळे हे पाच किलो म्हणजे थेट पदरात पडणारे पैसे.

आता तो ‘अर्ध्या जगा’चा आकडा

मायोपिया म्हणजे मायनस नंबर. जवळचं दिसतं, लांबचं धूसर. बहुतेकदा यात डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला लांबलेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. त्यात एका मिलिमीटरची भर पडली तरी नंबर अडीच-तीनने वाढतो. गोळा फारच ताणला गेला तर आतला पडदा, म्हणजे रेटिना, पातळ होतो. पडदा सुटणं, काचबिंदू, पडद्याच्या मधल्या भागाची झीज असे धोके वाढतात. म्हणून मोठा मायनस नंबर हा फक्त जाड काचेचा प्रश्न राहत नाही.

होल्डन यांच्या टीमने १९९५ पासूनचे १४५ अभ्यास गोळा केले. त्यात सुमारे २१ लाख लोकांची तपासणी झालेली होती. या टीममध्ये हैदराबादच्या संस्थेत काम करून सिडनीला गेलेल्या पद्मजा शंकरिदुर्ग होत्या, दक्षिण आफ्रिकेचे कोविन नायडू होते. या माहितीवरून त्यांनी वयोगटानुसार आणि प्रदेशानुसार मायोपियाचं प्रमाण काढलं, ते कसं बदलतंय याचा वेग काढला आणि तो पुढे नेऊन लोकसंख्येच्या अंदाजांना लावला. उत्तर आलं : २००० साली १४०.६ कोटी, म्हणजे जगाच्या २२.९ टक्के. २०५० साली ४७५.८ कोटी, म्हणजे ४९.८ टक्के. मोठ्या नंबरवाले २००० साली १६.३ कोटी, २०५० साली ९३.८ कोटी.

हे झाले रीलवर येणारे आकडे. आता न येणारे.

एक. २०५० चा अंदाज एकच आकडा नाही, पट्टा आहे. ३६२ कोटी ते ६०५.६ कोटी. मोठ्या नंबरवाल्यांचा पट्टा तर ४७.९ कोटी ते २१०.४ कोटी. वरचं टोक खालच्याच्या चौपटीहून मोठं! हे सगळं पेपरच्या सारांशात, पहिल्या पानावर छापलेलं आहे. त्यासाठी पैसे भरून पेपर विकत घ्यावा लागत नाही.

दोन. इथे मायोपिया म्हणजे मायनस ०.५० किंवा त्याहून जास्त नंबर. अर्धा नंबर असलेल्या कित्येकांना आपल्याला नंबर आहे हेच माहीत नसतं. ते या ‘निम्म्या जगा’त मोजलेले आहेत. मोठा नंबर म्हणजे मायनस ५ पासून पुढे. मायोपियावरच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१९ मध्ये हीच रेषा मायनस ६ वर ओढली. रेषा सरकली की तिच्या पलीकडची माणसंही कमी होतात, कुणाचाही डोळा न बदलता.

तीन. १४५ अभ्यास म्हणजे खूप वाटतात, पण जग मोठं आहे. अनेक देशांची माहितीच नव्हती, तिथे मिळत्याजुळत्या प्रदेशांची वापरावी लागली. एकाच ठिकाणी काही वर्षांनी पुन्हा मोजलेलं असेल तरच वाढीचा वेग कळतो, आणि असे अभ्यास आणखी कमी. पूर्व आशियात मायोपिया फार झपाट्याने वाढला हे पक्कं आहे. बाकीचं जग त्याच वाटेने आणि त्याच वेगाने जाईल का, हा अंदाजाचा भाग.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पेपर प्रसिद्ध झाला तेव्हाच्या निवेदनातही ‘सध्याचा कल असाच राहिला तर’ ही अट होती. शंभर कोटी लोक आंधळे होतील असं कुणी म्हटलं नव्हतं, त्यांना दृष्टी गमावण्याचा धोका जास्त असेल असं म्हटलं होतं. धोका आणि घटना यांतला फरक आपल्याला हेल्मेटच्या बाबतीत बरोबर कळतो, इथे मात्र हरवतो.

मग हजारो सायटेशनचं काय? मायोपियावरचा गेल्या दहा वर्षांतला कुठलाही पेपर उघडा. बऱ्याचदा पहिल्याच दोन-तीन वाक्यांत हा हवाला असतो. पेपर असतो चष्म्याच्या काचेबद्दल किंवा औषधाच्या थेंबांबद्दल किंवा उंदराच्या डोळ्याबद्दल. सुरुवातीला विषयाचं महत्त्व पटवायचं असतं, त्यासाठी हे वाक्य हाताशी असतं. त्यातल्या फार थोड्यांनी तो आकडा तपासलेला असतो, कारण तपासणं हा त्यांचा विषयच नसतो. म्हणून त्या हजारो हवाल्यांना हजारो साक्षीदार समजू नका. लग्नपत्रिकेवर वर गणपतीचं चित्र असतं ना, तशी त्यांची जागा आहे.

आणखी एक बाजू सांगायला हवी. होल्डन यांची संस्था मायोपियाचा वेग कमी करणाऱ्या लेन्सवरही काम करते. चष्मा आणि लेन्सच्या कंपन्यांना हा आकडा आवडतो यात नवल नाही. त्यामुळे आकडा खोटा ठरत नाही. पण जाहिरातीत तो दिसला, की त्याच्यासोबत पट्टा का दिसत नाही हे मात्र कळतं.

मग घाबरायचं की नाही?

माझं मत विचाराल तर, दिशा खरी आहे, दशांश चिन्हापुढचा आकडा विसरा. स्वतंत्र अभ्यासही तीच दिशा दाखवतात. भारतात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन पाहण्या बघा. दोन्हींची पद्धत एकच होती. दिल्लीतल्या ५ ते १५ वयाच्या मुलांत मायोपिया ७.४ टक्के आणि आंध्रच्या ग्रामीण भागातल्या मुलांत ४.१ टक्के. २०१५ मध्ये एम्सच्या डॉक्टरांनी दिल्लीतल्या जवळपास १०,००० शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात १३.१ टक्के निघाला. पद्धती अगदी एकसारख्या नसल्या तरी चढ दिसतो. २०२१ मध्ये हैदराबादच्याच संशोधकांनी भारतापुरतं वेगळं गणित मांडलं. शहरी मुलांत २०५० पर्यंत सुमारे ४८ टक्के असा त्यांचा अंदाज आहे. हाही अंदाजच, त्यालाही त्याच अटी लागू. आणि तो शहरी मुलांचा आहे, सगळ्या भारताचा नव्हे, हे पोस्ट करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

आणि ‘कल असाच राहिला तर’ मधला कल बदलता येतो. चीनच्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. काही शाळांमध्ये रोज ४० मिनिटं जास्त मुलांना वर्गाबाहेर, उघड्यावर ठेवलं. तीन वर्षांनी नव्याने मायोपिया झालेली मुलं त्या शाळांत ३०.४ टक्के होती, बाकी शाळांत ३९.५ टक्के. २०१५ मध्ये ‘जामा’ या जर्नलमध्ये हे आलं. तैवानने तर २०१० पासून मुलांना दिवसाला दोन तास बाहेर नेण्याचा कार्यक्रमच शाळांमध्ये सुरू केला. बाहेरचा भरपूर उजेड हे यामागचं मुख्य कारण मानलं जातं. मुलाने बाहेर क्रिकेटच खेळलं पाहिजे असं नाही, ओट्यावर बसून गप्पा मारल्या तरी उजेड तोच. बाहेरच्या उजेडाने लागलेला नंबर उतरत नाही, लागायचा तो लांबू शकतो, एवढाच यातला दावा आहे.

पुढच्या वेळी अशी पोस्ट दिसली तर पाच मिनिटांचं काम करून बघा. गूगल स्कॉलरवर पेपरचं नाव टाका. खाली ‘साइटेड बाय’ असं लिहून एक मोठा आकडा दिसेल, त्याच्याकडे तूर्त दुर्लक्ष करा. पेपरचा सारांश उघडा, कंसातले आकडे वाचा. मोजलेलं किती आणि अंदाजलेलं किती ते बघा. मग ‘साइटेड बाय’वर क्लिक करून त्या पेपरनंतर त्याच प्रश्नावर कुणी पुन्हा मोजलं आहे का ते शोधा. होल्डन यांच्या आकड्याच्या बाबतीत तसं केलंत तर २०२४ मध्ये ब्रिटिश जर्नलमध्ये आलेला, फक्त मुलं आणि किशोरवयीनांचा एक मोठा आढावा सापडेल. २७६ अभ्यास, ५४ लाख मुलं. त्यांच्या मते २०५० मध्ये या वयोगटातल्या सुमारे ४० टक्के मुलांना मायोपिया असेल, म्हणजे ७४ कोटी. त्याच्याही आकड्यांना पट्टा आहेच.